वेगळं ताट

२ नोव्हेंबर २०२३

डॉक्टर म्हणाला, मावशी, शुगर रोज बघा आणि लिहून ठेवा. मुलाने, नयनने, लगेच मशीन आणलं आणि वर ही डायरी. सकाळची शुगर १६२. आता एवढा आकडा लिहायचा आणि अख्खं पान कोरं सोडायचं हे माझ्याच्याने होणार नाही. मी दहावी झालेली आहे, तीही त्या काळात आमच्या ठाकुर्लीतून, जेव्हा पोरींना चौथीनंतर शेतात धाडायचे. त्यामुळे बाकीचंही लिहीन. वाचणार कोण? आमचे हे, म्हणजे आनंदा (नाव उखाण्यातच घ्यायचं, पण डायरीला काय कळतंय), पेपरसुद्धा मागच्या पानापासून वाचतात आणि पुढच्या पानापर्यंत पोचत नाहीत.

मशीन मजेचं आहे. पेनासारखं एक येतं, त्यात सुई. खटका दाबला की बोटाला टोचते, थेंब पट्टीला लावायचा. आज घरातल्या सगळ्यांची शुगर बघितली. सूनबाईला, दीप्तीला, तिसरा महिना आहे. तिच्या डॉक्टरने तिलाही शुगर सांभाळ म्हणून सांगितलंय, तर रोज माझ्यानंतर तिचंही बघायचं ठरवलं. ती म्हणाली, "आई, सुई बदलूया का?"

म्हटलं, "अगं, आठ दिवस चालते एक सुई. स्पिरिटचा बोळा फिरवते ना मी. आणि घरातलीच माणसं आपण."

ती हसली आणि बोट पुढे केलं. गुणी आहे पोर.

१९ नोव्हेंबर २०२३

आज रविवार, माळेचा दिवस. फाटकाशी सकाळपासून माणसं. काविळीची माळ आमच्या माहेराकडून आलेली. आईने मला दिली, आईला तिच्या आत्याने. झुडपाचं नाव सांगायचं नाही आणि पैसे घ्यायचे नाहीत, असा नेम आहे. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठीत बांधायचे आणि ती इवलीशी माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरत जाते तशी माळ लांबत जाते. कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, पुढे कमरेपर्यंत. कमरेला आली की माणूस बरा. अर्ध्या डोंबिवलीने माझी माळ घातली आहे. मोठमोठे इंजिनियर येतात आणि पायातली चप्पल काढून उभे राहतात.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मागे एकदा एक माळ उरली म्हणून खुंटीला अडकवली होती. पंधरा दिवसांनी बघते तर तीही लांबलेली. खुंटीला कसली कावीळ? मी ती काढून टाकली आणि तो विषयही.

आमच्या आईला मात्र माळ लागू पडली नाही. शेवटी तिचं पोट पाण्याने भरलं होतं. माझा भाऊ रामाही तसाच गेला, पंचेचाळिशीत. थेंबभर दारू न पिणारा माणूस, आणि लोक म्हणाले दारूने गेला. कुणाच्या तोंडाला हात लावणार?

दीप्ती आज माळ बघत बसली होती. म्हणाली, "आई, काड्या सुकल्या की आखडतात ना? मग गाठी सैल होत असतील." मी म्हटलं, "तू बँकेतलं बघ." तिला वाईट वाटलं असेल. ती ठाण्याची, कोपरीची. जाधवांची. बौद्ध आहेत ते. नयनने सांगितलं तेव्हा भावकीत कुजबुज झाली, पण मी म्हटलं, पोरगी शिकलेली आहे, नीटनेटकी आहे, मला काही फरक पडत नाही. मी तसलं काही मानत नाही.

१८ फेब्रुवारी २०२४

डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, पन्नास बायका. सगळ्यांनी हळदीकुंकू लावून तिचा चेहरा पार पिवळा करून टाकला होता. पाहुण्या गेल्यावर तिने तोंड धुतलं तरी पिवळेपणा जाईना. मी म्हटलं, हळद चांगली होती. मग ती माझ्याकडे वळली आणि मला तिचे डोळे दिसले.

आयुष्यभर मी असले डोळे बघत आलेय. या घरात पहिल्यांदा बघितले. लगेच परसात जाऊन काड्या काढल्या. तेल, तूप, हळद सगळं बंद. ती म्हणाली, "आई, माळ घालते, पण डॉक्टरकडेही जाऊया." जाऊया म्हटलं. माझं काय जातंय?

२३ फेब्रुवारी २०२४

डोंबिवलीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. दीप्ती, मी आणि नयन. त्या म्हणाल्या ही पाण्यातून होणारी कावीळ नाही, हिपॅटायटिस बी आहे. लोक पांढरी कावीळ म्हणतात ती. विषाणू रक्तात असतो.

"कशाने होते?" मी विचारलं.

"एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात गेलं तर. नवरा-बायकोच्या संबंधातून. आणि आईकडून बाळाला, जन्माच्या वेळी." मग दीप्तीकडे बघून सावकाश सांगितलं, "मोठ्या माणसांचं शरीर बहुतेक वेळा हा स्वतःच घालवून टाकतं. तुम्ही बऱ्या व्हाल. काळजी बाळाची आहे. त्याला लागला तर जन्मभर राहतो. म्हणून बाळंतपण जिथे कराल तिथे आधी हे सांगायचं. जन्मल्याबरोबर बाळाला दोन इंजेक्शनं द्यायची. एक लस असते, ती सगळ्यांनाच देतात. दुसरं वेगळं असतं, ते सांगितल्याशिवाय कुणी देणार नाही. आणि घरच्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्या."

दीप्ती म्हणाली, "तिसऱ्या महिन्यात माझी ही टेस्ट झालेली. तेव्हा काही नव्हतं."

"म्हणजे त्यानंतर लागलाय, किंवा थोडा आधी," बाई म्हणाल्या.

त्यानंतर लागलाय. घरी येईपर्यंत हेच डोक्यात घुमत होतं. नयन ठणठणीत आहे, कधी साधा ताप नाही त्याला. मग हिला कुठून? रोज ठाण्याला बँकेत जाते, कुणाकुणाशी बोलते, हसते. माझ्या मनात नको ते आलं. ते इथेही लिहिणार नव्हते. लिहिलं.

तपासणीचं काढलं तर नयन म्हणाला, "बाळंतपण होऊ दे गं, मग बघू." लहानपणापासून तो असाच. अवघड ते उद्यावर.

२४ फेब्रुवारी २०२४

दीप्तीचं ताट, वाटी, पेला आजपासून वेगळा केला. ताटाच्या काठाला खिळ्याने फुली मारली, म्हणजे चुकून मिसळायला नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या खाण्यापिण्यातून होत नाही, पण त्यांना बोलायला काय जातंय? घर मला सांभाळायचंय.

तिला ताट दाखवलं तर ती नुसती ताटाकडे बघत राहिली. म्हणाली, "आई, जेवणातून नाही होत हा आजार."

"थोडे दिवस गं. बरी झालीस की झालं."

ती त्या दिवशी जेवलीही नाही धड. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आजारपणात भांडी वेगळी करतातच. आमचे हे मात्र तिरसटासारखे बोलले, "गोदा, नको करू असा. बरा नाय दिसत." यांना काय कळतंय.

शुगर बघायचं तिचं आजपासून बंद केलं. मशीनला तिचं रक्त नको.

१० मार्च २०२४

माळ कमरेला आली! डोळे शिंपल्यासारखे पांढरे. भूकही लागायला लागली. मी फाटकाशी आलेल्या बायकांना अभिमानाने सांगितलं, माझ्या सुनेलाच बरं केलं बघा माळेने. कुठली कावीळ ते सांगितलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, तशी ती पुढच्या आठवड्यात कोपरीला जाईल. आज तिला जवळ बसवून घेतलं. म्हटलं, "कावीळ उतरलेली आहे. माहेरी बोलू नकोस. दवाखान्यातही नको, तिथली एक नर्स तुमच्याच वस्तीतली आहे. उद्या सगळीकडे होईल की यांच्या सुनेला तसली कावीळ झाली. तुझ्या पहिल्या फाईलमध्ये सगळं चांगलंच लिहिलेलं आहे ना? तेवढी पुरे."

"पण आई, बाळाचं इंजेक्शन?"

"आजारच राहिला नाही तर इंजेक्शन कशाला? तुला नयनची शपथ आहे."

ती म्हणाली, "मी शपथ वगैरे मानत नाही, आई." पण मान खाली घालून बसून राहिली आणि नाही असंही म्हणाली नाही. मला तेवढं पुरे होतं.

३ मे २०२४

नात झाली! पहाटेच व्याह्यांचा, दौलतभाऊंचा, फोन आला. दोघी सुखरूप. ह्यांनी आळीभर बर्फी वाटली. मी दीप्तीशी बोलले. विचारलं, "कुणाला काही बोलली नाहीस ना?" ती म्हणाली, "नाही." आवाज अगदी बारीक होता. बाळाला लस दिली म्हणाली, सगळ्यांना देतात ती.

माझ्या जिवाला जरा टोचलं. दुसरंही द्यायला हवं होतं का? पण आता झालं ते झालं, बाळ साडेसहा पौंडांचं आहे.

७ मे २०२४

आज काय झालं ते सगळं लिहिते.

काल नयनने फोनवर बाळाचा व्हिडिओ दाखवला. मला पोरीचा चेहरा पिवळसर वाटला. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी पाचवीच्या पूजेचं सामान घेतलं आणि एक माळ बांधली, बांगडीत मावेल एवढी. हे आणि मी कोपरीला गेलो.

दौलतभाऊ दारातच म्हणाले, "या ताई. आमच्याकडे पाचवी पुजत नाहीत. पण तुमची नात आहे, तुम्ही आणलंय तर पुजा. आमची काही हरकत नाही." विहीणबाईंनी, शालनताईंनी, पाट मांडून दिला. ती माणसं किती साधेपणाने वागली, आता आठवलं की लाज वाटते.

पूजा झाली आणि मी पिशवीतून माळ काढली. दीप्ती भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम पुढे सरकली.

"आई, ती माळ तिला घालू नका."

"अगं, पिवळी दिसतेय पोर. तुला नाही का उतरली?"

"मला माळेने नाही उतरली!" ती ओरडली. त्या घरात तिचा असा आवाज कुणी ऐकला नसावा, सगळे जागच्या जागी थांबले. मग ती रडत रडत सगळं बोलली. कावीळ, डॉक्टरीणबाई, दुसरं इंजेक्शन. "बाबा, तिला दिलं नाहीये ते. पाच दिवस झाले. मी दिलं नाही."

शालनताईंनी बाळाला उचललं आणि चपला शोधायला लागल्या. दौलतभाऊ म्हणाले, "बेटा, आम्हाला का नाही सांगितलंस? आम्ही काय रागावलो असतो?"

मला वाटलं आता ती शपथेचं सांगणार. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, तिकडे कसं बघतात तुझ्याकडे. मग ताटाचं सांगावं लागलं असतं."

"कसलं ताट?"

आमच्या ह्यांनी तोंड फिरवलं. दौलतभाऊ हळूच खुर्चीवर बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "लग्नाआधी मी हिला एकच गोष्ट विचारली होती, ताई. तिथे तुझं ताट वेगळं ठेवतील का? ही म्हणाली होती, नाही बाबा, ती माणसं तशी नाहीत."

मी म्हटलं, "मी आजारासाठी ठेवलं होतं. तुम्ही समजता त्यासाठी नाही."

"असेल," ते म्हणाले आणि उठून रिक्षा बघायला गेले.

बाळाला इंजेक्शन मिळालं. पिवळेपणा साधा होता, बऱ्याच बाळांना असतो तसला. पण डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनला उशीर झालाय. वर्षाने रक्त तपासू, तेव्हा कळेल.

मी आजारासाठीच ठेवलं होतं. घरी आल्यापासून हे घोकतेय. मग रामा आजारी होता तेव्हा त्याच्या उष्ट्या कपातून मी शेवटपर्यंत चहा प्यायले, तेव्हा कशी घाबरले नाही?

२१ मे २०२४

सगळ्यांचे रिपोर्ट आले. नयनच्या रक्तात काहीच नाही. ह्यांना कधीतरी होऊन गेलेली दिसते, कळलंही नाही. राहिले मी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या रक्तात आहे, गोदाताई. आणि आजकालचा नाही. बहुधा जन्मापासूनचा. आई कशाने गेली तुमची?"

मी सांगितलं. रामाचंही सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "तुमचा मुलगा वाचला हे नशीब."

म्हणजे आईच्या रक्तात होता. आई माळा बांधायची, मी माळा बांधायचे, आणि तो आमच्याच अंगात बसून होता. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे डोळे तपासत राहिले.

"मग दीप्तीला कुठून?" मी विचारलं.

"घरात रक्ताला रक्त लागलं असेल. एखादं ब्लेड, सुई वगैरे दोघींनी वापरलंय का?"

मी चटकन नाही म्हटलं.

घरी आले. सवयीने मशीन काढलं, सुईचं पेन हातात घेतलं, बोट पुढे केलं. मग ते तसंच हातात राहिलं. आधी माझं बोट, मग तिचं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. घरातलीच माणसं आपण, असं म्हटलं होतं मी. सुई आम्ही दोघींनी एक वापरली आणि ताट मी वेगळं केलं. ज्याने लागतो ते तिच्याबरोबर वाटून घेतलं आणि ज्याने लागत नाही ते जपत बसले.

आणि मी तिच्याबद्दल काय विचार केला होता, तो मागे लिहिलेला आहे.

२२ मे २०२४

आज शुगर बघितली नाही.

९ जून २०२४

एकटीच कोपरीला गेले. दीप्ती बाळाला झोपवत होती. बाळाचं नाव सांची ठेवलंय. बारशाला मला बोलावलं होतं, मीच गेले नाही. नयनही आता तिथेच राहतो.

मी सुईचं सांगितलं. ती झोळीची दोरी ओढत राहिली, थांबली नाही.

"माहीत आहे मला, आई. तुमचा रिपोर्ट आला त्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी तेव्हा म्हटलं होतं ना, सुई बदलूया का. आणखी एकदा म्हणायला हवं होतं. माझंही चुकलंच."

तिने ते तसं म्हणायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. मी पदराने डोळे पुसत म्हटलं, "घरी चल, दीप्ती."

"नाही आई," ती म्हणाली. रागाने नाही, साधंच म्हणाली. "तुम्ही येत जा."

१८ ऑगस्ट २०२४

फाटकाशी माणसं येतात अजून. मी माळ देत नाही. रक्त तपासून घ्या म्हणते. एकजण संतापून म्हणाला, "बाय, तुझी आय असती तर अशी नसती बोलली." मी म्हटलं, "माझी आय त्याच आजाराने गेली, बाबा. तू जा डॉक्टरकडे." तो माझ्या नावाने बोटं मोडत निघून गेला. झुडूप उपटून टाकायचं होतं, ह्यांनी उपटू दिलं नाही. म्हणाले, त्याचा काय दोष?

११ मे २०२५

शेवटचं लिहून ही डायरी बंद करणार आहे.

सांचीचा रिपोर्ट आला. तिच्या रक्तात आहे.

नयनने काल फोनवर सांगितलं. आज आम्ही दोघं कोपरीला गेलो. दीप्तीच्या रक्तातून तो पूर्ण गेला आहे, तिच्यात आता काही नाही. डॉक्टर म्हणाले, पोर शाळेत जाईल, खेळेल, सगळं करेल. फक्त जन्मभर तपासण्या, जन्मभर लिव्हरवर लक्ष. दीप्तीने त्यांना विचारलं होतं, पहिल्याच दिवशी दुसरं इंजेक्शन दिलं असतं तर? ते म्हणाले, खात्री कुणी देत नाही, पण बहुतेक वाचली असती.

हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज सरळ होता. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. एवढ्या सगळ्या माणसांत तो आता आम्हा दोघींतच आहे, माझ्यात आणि माझ्या नातीत. आईने मला दिला तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. मला सांगितलेलं होतं, अगदी सावकाश, समोर बसवून.

जेवायची वेळ झाली. शालनताईंनी पानं मांडली. मी पिशवीतून माझं ताट काढलं. फुली मारलेलं तेच. वर्षभर मी त्यातच जेवतेय. म्हटलं, "मला यात वाढा."

दीप्तीने ताट माझ्या हातातून घेतलं. काठावरच्या फुलीवरून एकदा अंगठा फिरवला आणि ते भिंतीशी ठेवून दिलं. मग सगळ्यांसारखंच एक ताट माझ्यापुढे ठेवलं आणि भात वाढला.

"जेवणातून नाही होत, आई," ती म्हणाली. "मी तेव्हाही सांगितलं होतं."

सांची भिंत धरून चालत आली आणि माझ्या मांडीला टेकून उभी राहिली. तिने माझ्या ताटात हात घातला, मूठभर वरणभात उचलला, अर्धा तोंडात कोंबला, अर्धा माझ्या साडीवर सांडला. मी घाबरून दीप्तीकडे पाहिलं, मग शालनताईंकडे, दौलतभाऊंकडे. सगळे जेवत होते. कुणी तिचा हात ओढला नाही.

मग तिने उरलेली मूठ माझ्या तोंडासमोर धरली. मी खाल्ला तो घास.